महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी व्यवहार पहिल्यांदा कळला, तो प्रसंग लिहा

कृष्णाकाठ

माझ्या मुलीने यंदा बीबीएच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतला आहे. परवा रात्री जेवताना तिने विचारले, "आई, मालकाने स्वतःच्या खिशातून घातलेले भांडवल ताळेबंदात देण्यांच्या बाजूला का लिहितात? ते तर त्याचेच पैसे आहेत ना?" प्रश्न ऐकून माझ्या हातातला घास तसाच राहिला, कारण १९९६ साली सांगलीत एफवायबीकॉमच्या वर्गात मी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि आमच्या सरांनी त्याचे उत्तर फळ्यावर न देता मार्केट यार्डात दिले होते.

सर आम्हाला सकाळी हळदीचे सौदे पाहायला घेऊन गेले. सौदे संपल्यावर एका अडत दुकानात बसवून, छतापर्यंत रचलेल्या पोत्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले की, ही हळद या दुकानाच्या ताळेबंदात कुठे दिसेल. आम्ही सगळ्यांनी एका सुरात मालसाठा असे उत्तर दिले. तेव्हा दिवाणजींनी एक हिशोबपट्टी आमच्यापुढे ठेवली. तीत शेतकऱ्याचे नाव, पोत्यांची संख्या, वजन, दर आणि एकूण रक्कम होती. त्याखाली हमाली, तोलाई आणि अडत, म्हणजे माल विकून दिल्याची दलाली, वजा करून शेतकऱ्याला द्यायची निव्वळ रक्कम मांडली होती. माल शेतकऱ्याचा होता, दुकानाची कमाई फक्त अडतीपुरती होती. डोळ्यांसमोर ढीग दिसत असूनही तो दुकानाच्या मालमत्तेत धरायचा नसतो, हे आम्हाला त्या दिवशी समजले.

मग सरांनी विचारले, "दिवाणजी, शेठजींनी घरच्या लग्नासाठी पेढीतून रक्कम उचलली, तर ती कुठे लिहिता?" दिवाणजी म्हणाले, "शेठजींच्याच नावे लिहितो. पेढीला काय माहीत शेठजी कोण?" पेढी वेगळी आणि मालक वेगळा असेल, तर मालकाने घातलेले भांडवल हे पेढीने त्याला परत करायचे देणे ठरते, हे मला त्या एका वाक्याने समजले. मुलीलाही मी तेच वाक्य सांगितले.

त्यामुळे आज हा धागा काढत आहे. धंद्याचे मूलतत्त्व किंवा कामाच्या ठिकाणी वागण्याची एखादी रीत तुम्हाला पहिल्या वर्षी प्रथम केव्हा आणि कशी उमगली, ते अवश्य लिहा.

जमाखर्च

मी ३१ वर्षे वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला हिशेबशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. आपले सर भाग्यवान, कारण त्यांना यार्ड जवळ होते. मी माझ्याकडून झालेली एक चूक येथे लिहितो, कारण आजच्या तरुण शिक्षकांना तिचा उपयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडून आणायला सांगत असे. मला ती कल्पना फार जिवंत वाटे. एके वर्षी एका मुलाने घरावरचे सोसायटीचे कर्ज, सावकाराचे देणे आणि बहिणीच्या लग्नाची उसनवारी असे सगळे प्रामाणिकपणे लिहून आणले आणि मी ती वही अचूक मांडणीचा नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवली. मांडणी खरोखरच निर्दोष होती. तो मुलगा पुढचे आठ दिवस वर्गात आला नाही. मी त्याच्या गावी जाऊन त्याची आणि त्याच्या वडिलांची क्षमा मागितली. तो परत आला आणि पुढे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, परंतु दुसऱ्याचा हिशेब त्याच्या संमतीविना चारचौघांत उघडू नये, हा व्यवसायाचा पहिला नियम त्याच्या शिक्षकालाच तेव्हा ठाऊक नव्हता, याचे दुःख मला आजही आहे.

त्यानंतर मी महाविद्यालयासमोरच्या चहाच्या टपरीचे उदाहरण घेऊ लागलो. जागेचे भाडे महिन्याला ६,००० रुपये, चहाचा एक कप १० रुपयांना, त्यात दूध, साखर, पत्ती आणि गॅस मिळून ६ रुपये. म्हणजे एका कपामागे ४ रुपये उरतात आणि भाडे निघायला महिन्याला १,५०० कप, म्हणजे रोजचे ५० कप विकावे लागतात. एवढे मांडून झाले की मी विचारत असे, "दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालय बंद असताना टपरीवाल्याचे काय होते?" कपांचा खर्च थांबतो आणि भाडे मात्र चालूच राहते, हे उत्तर वर्गातून आले की स्थिर खर्चाची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नसे.

दुकानदाराचा मुलगा

सरांचा प्रतिसाद वाचून मन भरून आले. माझा अनुभवही घराशीच जोडलेला आहे.

नगरला आमचे किराणा दुकान होते आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून मी गल्ल्यावर बसत असल्यामुळे धंदा मला येतो अशी माझी खात्री होती. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात मॅडमनी एक साधे उदाहरण दिले. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० रुपयांना विकली, तर नफा खरेदीवर शेकडा २५ होतो आणि विक्रीवर शेकडा २० होतो. नफा त्याच २० रुपयांचा असतो, फक्त कशावर मोजायचा ते बदलते. माझ्या अंगावर काटा आला, कारण वडील नेहमी म्हणत, "आपल्याला शेकडा पंचवीस सुटतात," आणि त्या हिशेबाने त्यांनी एका मोठ्या खानावळीला शेकडा २० सूट कायमची लावून दिली होती. आपल्याला ५ टक्के राहतात, असे ते समजत. प्रत्यक्षात १०० रुपयांवर २० रुपये सूट गेली की बिल ८० रुपयांचे होत होते आणि वस्तू ८० रुपयांचीच होती. त्यात पोचवण्याचे भाडे आमचे आणि उधारी महिन्याची.

ही गोष्ट वडिलांना कशी सांगावी, याचा मी दोन दिवस विचार केला. अखेर रात्री दुकान बंद करताना पुठ्ठ्यावर खडूने आकडे मांडले. वडिलांनी ते बराच वेळ पाहिले, काही न बोलता दिवा मालवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः खानावळीत जाऊन सूट शेकडा १० वर आणली. त्या वर्षीची माझी फी त्यांनी भरली तेव्हा म्हणाले, "ही फी खर्चात नाही, खरेदीत लिहायला हवी."

सोनचाफा

कुकर लावून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. दुकानदाराचा मुलगा, आपल्या वडिलांचे वाक्य मी माझ्या यजमानांना वाचून दाखवले.

आमच्या प्रथम वर्षात गटाने सादरीकरण करायचे असे. तक्ते मुलींनी रंगवायचे आणि बोलायचे मुलांनी, हे न सांगता ठरलेले होते आणि शिक्षकांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. मी सहकारी पतसंस्थेवर सगळी माहिती गोळा केली होती. सभासदाचा भाग (शेअर) म्हणजे काय, ठेव आणि भाग यांत फरक काय, कितीही भाग घेतले तरी एका सभासदाला एकच मत का असते, हे मला तोंडपाठ होते. व्यासपीठावर उभा राहिलेला मुलगा नेमका एका मताच्या मुद्द्यावर अडला आणि मी खाली बसल्या जागेवरून उत्तर दिले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला पुढे बोलावून उरलेला भाग पूर्ण करायला लावला. पाय थरथरत होते, पण विषय येत असेल तर आवाज आपोआप येतो, हे तेव्हा कळले. आज मी बचत गटांच्या बैठका चालवते. शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहीन.

माणदेशी

मी आटपाडीजवळच्या गावातून पुण्यात शिकायला आलो आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणाऱ्या कमवा व शिका योजनेत काम करून शिकलो. ग्रंथालयातली पुस्तके जागेवर लावण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या दृष्टीने व्यावसायिक कौशल्यांचा खरा वर्ग तोच होता, कारण वेळेवर आलो नाही तर त्या तासाची नोंद होत नसे आणि महिन्याच्या शेवटी स्वतःच्या सहीने तासांची बेरीज करून द्यावी लागे.

वर्गातला धडा मात्र मला ईमेलने दिला. मराठी माध्यमातून आल्यामुळे मी आमच्या प्राध्यापकांना सुट्टीसाठी पहिला ईमेल पाठवला, तो विषयाची ओळ कोरी ठेवून आणि मजकुरात "सर मी उद्या येणार नाही" एवढेच लिहून. त्यांनी मला बोलावले, समोर बसवले आणि म्हणाले, "मला रोज पन्नास पत्रे येतात. उघडण्यापूर्वी मला कळायला हवे की हे कोणाचे आहे, कशाबद्दल आहे आणि मी काय करावे अशी तुझी अपेक्षा आहे." मग त्यांनी मला ते पत्र आधी मराठीत लिहायला लावले. मराठीत नीट लिहिता आल्यावर इंग्रजीत करायला फक्त शब्दकोश लागला. माझी अडचण इंग्रजीची आहे असे मी समजत होतो, खरे तर ती मांडणीची होती. ग्रामीण भागातून आलेल्या प्रत्येक मुलाला हे कोणीतरी पहिल्याच महिन्यात सांगावे, असे मला कळकळीने वाटते.

बार्देशकर

आमच्याकडे गोव्यात चतुर्थीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान विकायला म्हापशाच्या बाजारात माणसे दूरदूरच्या गावांतून येतात. सुपारीचे घड, नारळ, रानातली कांगलां आणि कितीतरी प्रकारची फळे असतात. प्रथम वर्षाला असताना आम्ही पाच मैत्रिणींनी प्रत्येकी १,००० रुपये घालून हाच व्यवसाय प्रकल्प म्हणून केला. पहिल्या दिवशी चांगली विक्री झाली म्हणून रात्री सगळे पैसे पुन्हा मालात घातले. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पाऊस कोसळला आणि जवळजवळ एक तृतीयांश माल अंगावर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती बसले आणि त्या मालाची किंमत शून्य झाली.

शेजारी बसलेल्या वयस्कर बाईंनी मात्र दुपारी तीन वाजताच आपला भाव निम्म्यावर आणला होता आणि पाऊस यायच्या आत त्या घरी गेल्या होत्या. आम्ही त्यांना मनात नावे ठेवत होतो की, भाव पाडतात. अहवाल लिहिताना लक्षात आले की, त्यांनी खरेदीची किंमत केव्हाच विसरून फक्त पुढच्या काही तासांचा विचार केला होता आणि आम्ही मात्र "इतक्याला घेतले आहे, त्याहून कमीत कसे द्यायचे" यातच अडकलो होतो. पाच जणींचे मिळून १,१५० रुपये गेले, म्हणजे प्रत्येकीचे २३०.

माणदेशी

बार्देशकर ताई, तोटा वाटून घेताना भांडण झाले का? आमच्या गटाचे नफ्यावरूनच झाले होते.

बार्देशकर

नाही, कारण सुरुवातीलाच एका मैत्रिणीच्या वकील काकांनी कागदावर लिहून घेतले होते की नफा-तोटा समान वाटायचा. भागीदारीत वेगळा करार नसेल तर कायद्यानेही तो समानच वाटला जातो, हे नंतर वर्गात शिकलो, पण लिहिलेला कागद होता म्हणून मैत्री राहिली.

चार्ल्सकाठचा मराठी

मी बोस्टनजवळ राहतो. माझा पुतण्या वेलस्ली येथील बॅबसन कॉलेजात शिकला. तिथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना गट करून खरोखरचा धंदा उभा करावा लागतो. सुरुवातीचे पैसे कॉलेज कर्जाऊ देते, वर्षाअखेर धंदा बंद करून ते फेडायचे असतात आणि उरलेला नफा समाजकार्याला दिला जातो. धंदा सुरू करण्याबद्दल सगळेच बोलतात. मला मोल वाटले ते बंद करण्याच्या शिकवणीचे. उरलेला माल काढणे, येणी वसूल करणे, देणी आधी फेडणे आणि मग शिल्लक किती ते सांगणे, हा क्रम अठराव्या वर्षी हाताखालून गेला की माणूस हिशेबाला घाबरत नाही. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदाराला हे सगळे करावे लागते. महाविद्यालयांनी त्याकडे अभ्यास म्हणून पाहावे.

प्रथम वर्ष

मी सध्या बीकॉमच्या प्रथम वर्षाला आहे. आमच्या वर्गाने स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांचा स्टॉल लावला होता आणि हिशेब माझ्याकडे आहे. उद्या तो मॅडमना द्यायचा आहे, परंतु तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा, जुळत नाही. नावे बाजू ९० रुपयांनी कमी येते. तीनदा बेरीज केली, बेरजा बरोबर आहेत. जमाखर्च सर, आपण ऑनलाइन असाल तर कृपया सांगाल का?

जमाखर्च

बाळ, पुन्हा बेरीज करू नकोस, आधी फरकाकडे पाहा. प्रथम ९० रुपयांचीच एखादी नोंद खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, चढवायची राहिली आहे का ते बघ. नंतर ९० ला २ ने भाग आणि ४५ रुपयांची रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते तपास. तेही नसेल, तर ९० ला ९ ने नि:शेष भाग जातो, हे लक्षात घे. रोजकीर्दीतून, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीतून, खतावणीत उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. प्रत्येक रक्कम मूळ पावतीशी ताडून पाहा आणि पावत्या तारखेप्रमाणे लावून घे.

कृष्णाकाठ

सर, हे मी मुलीच्या वहीत लिहून ठेवत आहे. प्रथम वर्ष, काय झाले ते रात्री कितीही वाजले तरी कळव.

प्रथम वर्ष

सापडले. कागदी प्लेटांची पावती ५४० रुपयांची होती, मी खतावणीत ४५० लिहिले होते. आता तेरीज जुळली आणि नफा ९० रुपयांनी कमी झाला. धन्यवाद सर.