रिटायर झाल्यावर लहान गावात राहायचंय: वाई, दापोली की अंबाजोगाई?

सव्वाआठची_लोकल:
नमस्कार मंडळी. येत्या मार्चमध्ये रिटायर होतोय. घरात मी, बायको आणि माझी आई. आई 82 ची आहे, डोकं माझ्यापेक्षा तल्लख पण गुडघे गेलेत आणि आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट महिन्यातले आठ दिवस बंद, त्यामुळे ती गेल्या दिवाळीनंतर जेमतेम चार वेळा खाली उतरलीय. वडील रेल्वेत होते, दर तीन वर्षांनी बदली, सांगायला मूळ गाव राजापूर तालुक्यात आहे पण तिथे ना घर ना सातबाऱ्यावर नाव. म्हणजे शेतकरी दाखला नाही, शेतजमीन घेणं बाद, तयार घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट एवढंच हातात.

तीन गावं पाहून आलो. वाई आवडली, दापोली फारच आवडली आणि अंबाजोगाई बायकोचं माहेर आहे, तिथे आवडण्या-न आवडण्याचा प्रश्न येत नाही. वहीत तक्ता केला, हवा, पाणी, दवाखाना, रस्ता वगैरे, प्रत्येकाला मार्क दिले, तर तिन्ही गावांना 30 पैकी सारखेच 21 आले.

तिथे राहणाऱ्यांनी लिहा प्लीज. दोन दिवस रिसॉर्टला राहून 'स्वर्ग आहे हो' म्हणणारे नातेवाईक माझ्याकडे भरपूर आहेत.

घाटकाठ:
काका, जन्मापासून वाईत आहे. वाई हे पाच दिवसांचं गाव आहे असं समजा, शुक्रवार संध्याकाळपासून सुरूर फाट्यावरून पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांची जी रांग लागते ती रविवारी रात्रीपर्यंत, आम्ही भाजीपाला, दूध, गॅस सगळं गुरुवारीच उरकतो. बाकीचे दिवस मात्र खरंच निवांत.

दवाखान्याचं खरं सांगतो. साधं आजारपण गावातच भागतं. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, साताऱ्याला पाऊण तासात पोचलो कारण बराचसा रस्ता हायवेचा. 35 किमी आहे. पुणं नव्वदेक किमी, ते ठरवून जायच्या तपासण्यांसाठी, रात्री दोनला नाही.

घर बघताना नदी बघू नका, नदीचं पाणी कुठवर येतं ते बघा. धोम धरणाचं पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत, ढोल्या गणपतीच्या देवळात पाणी शिरल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. आणि ब्रोकर 'व्ह्यू' म्हणाला की समजायचं गुंठ्यामागे भाव वाढला. पुणेकरांनी रेट पार बिघडवलेत (त्यात आमच्या गल्लीतले विकणारेही काही कमी नाहीत म्हणा).

आजींना वाचायची, ऐकायची आवड असेल तर इथे दिवस जातो. विश्वकोशाचं ऑफिस इथलंच, उन्हाळ्यात व्याख्यानं असतात आणि कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव सुरू झाले की एकेका घाटाचा नंबर लागत कित्येक दिवस तेच चालू असतं.

आगोट:
दादा, तुम्ही दापोलीला कुठल्या महिन्यात आला होतात? नोव्हेंबर-डिसेंबर असणार. तेव्हा सगळ्यांनाच दापोली फार आवडते. आमच्या आळीत नोव्हेंबरात घर पसंत करून पुढच्या ऑगस्टात विकायला काढलेली दोन कुटुंबं आहेत.

मी पुण्याची, नऊ वर्षं झाली इथे येऊन, आणि परत जाणार नाही हे आधीच सांगते म्हणजे पुढचं रडगाणं वाटणार नाही. पाऊस म्हणजे काय ते इथे कळतं. जूनच्या मध्यापासून कपाटातल्या चपलांवर बुरा, मिठाला पाणी, पापड मऊ, धुतलेली चादर चौथ्या दिवशी वाळते आणि तरी तिला वास असतोच. म्हणून मेमध्ये आगोट करायची, म्हणजे तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळी बेगमी, आणि भिंतीला झड लागते त्या बाजूला झावळ्यांची नाहीतर प्लास्टिकची आड. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, पश्चिमेची भिंत आतून इतकी ओली झाली की कॅलेंडर चिकटून राहिलं. कौलं वानरं फोडतात म्हणून हल्ली सगळे पत्रे घालतात, पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की टीव्हीवर बातम्या नुसत्या बघायच्या.

आणि निसर्ग चक्रीवादळ. 3 जून 2020. त्या दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाखाली बसलो होतो, बाहेर माड वाकत नव्हते, सरळ मोडत होते. शेजारच्या आजोबांची चाळीस वर्षं जपलेली पोफळीची बाग संध्याकाळी आडवी, ते नुसते पडवीत बसून होते, कोणाशी बोलले नाहीत. आमच्याकडे लाईट 27 दिवसांनी आली. त्या 27 दिवसांत मला कळलं की विहिरीला रहाट का ठेवतात.

दवाखाना: गावात डॉक्टर चांगले आहेत. पण मोठं दुखणं निघालं तर चिपळूण नाहीतर डेरवणचं हॉस्पिटल गाठायचं, रस्ता घाटवळणांचा. ट्रेनला खेड, तीसेक किमी. 82 च्या आईंना घेऊन हे जमेल का ते तुम्हीच ठरवा. जमत असेल तर सांगते, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलावात उभं राहून घेतलेल्या सुरमईची चव तुमच्या कुठल्याच तक्त्यात बसणार नाही.

एक करा, पावसाळ्यात दोन महिने भाड्याने राहा. कुठल्याही गावात. मगच पैसे गुंतवा.

बालाघाटी:
दाजी, राम राम. अंबाजोगाईला आले की दाजीच तुम्ही, सुटका नाही.

आईंचं वय बघता सगळ्यात आधी एक सांगतो, मेडिकल कॉलेजचा दवाखाना गावातच आहे, आसपासच्या तालुक्यांतले पेशंट इकडं येतात. गर्दी असते, पण रात्री बाराला डॉक्टर हजर असतो. बाकीच्या दोन गावांना ही सोय नाही. रेल्वे परळीला, पंचवीसेक किमी. लातूर तास-सव्वा तास.

आता पाणी. 2016 ला मिरजेवरून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, आम्ही टीव्हीवर नाही, दारात बघितलं. टँकर आला की बायका घागरी, पोरं बादल्या, अन् म्हातारी माणसं भांडण मिटवायला. पाऊस चांगला झाला की सगळे विसरतात, प्लॉटिंग करायलेत, बोअर पाडायलेत. घर बघायला याल तर मे महिन्यात या. बोअर किती फुटाचा अन् मेमध्ये चालतो का हे मालकाला नका विचारू, शेजाऱ्याला विचारा. अन् जमिनीखाली हौद नसलेलं घर फुकट दिलं तरी घेऊ नका.

गाव मात्र शिकल्यासवरलेल्यांचं, डोंगरावर असल्यानं संध्याकाळी वारं असतं. सकाळी लोक मुकुंदराजाच्या समाधीकडं फिरायला जातात. तुमचं मूळ राजापूरकडचं म्हणता, कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवी आमची योगेश्वरी, आईंना विचारा, कदाचित येऊन गेल्या असतील.

हिरण्यकेशी:
गडहिंग्लज कुणाच्याच यादीत नसतं, तसंच राहू दे म्हणून गप्प बसणार होतो. पाऊस बेताचा, बेळगाव जवळ, कोल्हापूर दीडेक तास, बाजारात निम्मं गाव कन्नड बोलतंय आणि फुटबॉलची मॅच असली की दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून ग्राउंडवर. थंडगार हवंच असेल तर वर आजरा आहे, घनसाळ तांदूळ शिजला की चार घरं पलीकडं वास जातो. पण तिथं पाऊस गडहिंग्लजपेक्षा बराच जास्त, आणि तालुक्यात हत्ती उतरतात बरं का, उसात. मस्करी नाही.

सव्वाआठची_लोकल:
सगळ्यांचे आभार. हो, दापोलीला नोव्हेंबरच होता.

काल रात्री सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. योगेश्वरीला ती 1968 साली आजीबरोबर गेली होती म्हणे, हे मला आज कळतंय. चादरीच्या वासावर हसली, हत्तींचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली तुझ्या तक्त्यात मला कुठे बसवलंयस? मी म्हटलं दवाखान्याच्या रकान्यात. त्यावर बराच वेळ बोलली नाही. सकाळी चहा घेताना म्हणाली, मला डोंगर नको, समुद्र नको, घर तळमजल्यावर असू दे आणि खिडकीतून रस्ता दिसू दे, माणसं जाता-येताना दिसली पाहिजेत.

तर बायकोशी तह झालाय. जून-जुलै वाई, पुढच्या वर्षी एप्रिल-मे अंबाजोगाई, दोन्हीकडे भाड्याने. दापोलीला मी एकटा येईन, आगोटताई, लिलाव दाखवा. वाईत तळमजल्यावर दोन खोल्या कोणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटकाठ:
व्यनि केलाय काका. दोन खोल्या, संडास-बाथरूम आत, तीनच पायऱ्या आहेत, कठडा बसवून घेऊ. खिडकी थेट रस्त्यावर. पण समोर मंगल कार्यालय आहे, सीझनला बँडचा जाम त्रास होतो, आधीच सांगितलेलं बरं.

सव्वाआठची_लोकल:
आई विचारतेय सीझन नक्की कधीपासून असतो. जूनच्या आधी यायचं म्हणतेय.