एडिसनशी भिडलेला दुकान मॅनेजर

युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रपट कंपनीचा संस्थापक कार्ल लेम्ली नशिबाने मोठा झाला, असं मत वाचलं, ते काही पटलं नाही. जर्मनीतल्या लाउपहाइमचा हा ज्यू पोरगा १८८४ साली अमेरिकेत आला, तिथल्या ऑशकॉश शहरात कपड्यांच्या दुकानात मॅनेजरकीपर्यंत चढला आणि १९०६मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, त्याने शिकागोत छोटंसं थिएटर काढलं. पेटंटच्या जोरावर चित्रपटधंद्यावर मक्तेदारी सांगणाऱ्या एडिसनच्या गटाने कोंडी केली तर गडी स्वतःच चित्रपट काढू लागला, कोर्टातही भिडला. १९१२ला युनिव्हर्सल उभी केली! १९३६ला कंपनी हातची गेली. मला मात्र त्याची हमीपत्रं (अमेरिकेत येणाऱ्याच्या खर्चाची जबाबदारी घेणारी) जास्त मोलाची वाटतात. नाझी जर्मनीतून सुटू पाहणाऱ्या शेकडो ज्यूंसाठी त्याने ती भरली, त्यात लाउपहाइमचेही बरेच होते.