विंडोज आणि उबुंटू दोन्हींसाठी हार्ड डिस्कवर कोणती फाइल सिस्टीम (फाइली साठवण्याची रचना) ठेवावी?

प्रश्नकर्ता, इंदिरानगर, नाशिक
घरच्या संगणकात २ टीबीची दुसरी हार्ड डिस्क बसवत आहे. तिच्यावर द्राक्षबागेचे हिशेब, फोटो आणि २०१५ च्या सिंहस्थातील लांबलचक व्हिडिओ ठेवायचे असून ते दोन्ही प्रणालींतून वाचता-लिहिता यावेत, अशी अपेक्षा आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते.

सिडकोकर
फॅट३२ चा विचारच नको, कारण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. एक्सफॅटला ती मर्यादा नाही आणि उबुंटूचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नेलमध्ये ५.४ आवृत्तीपासून तिची सोय आहे. मात्र तिच्यात जर्नलिंग नाही, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद ठेवली जात नसल्यामुळे लिहिताना वीज गेली तर फाइल सिस्टीमची रचनाच बिघडण्याचा धोका अधिक असतो. आपल्या गरजेला विंडोजची एनटीएफएस योग्य, कारण तिच्यात जर्नलिंग आहे आणि उबुंटूही ती वाचू-लिहू शकते. अर्थात जर्नल म्हणजे बॅकअप नव्हे. हिशेबांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

गंगापूर रोड
सहमत. फक्त विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) बंद करावे, अन्यथा संगणक बंद केल्यावरही डिस्कचा विभाग (पार्टिशन) अर्धवट उघडा राहतो आणि उबुंटू तो केवळ वाचण्यापुरताच जोडते.

प्रश्नकर्ता
मग लिनक्सची एक्स्ट४ का नको?

सिडकोकर
केवळ उबुंटू असते तर तीच सुचवली असती. विंडोज तिला स्वतःहून ओळखत नाही.