अनुभव धागा : रेफरन्स सीडीसाठी गाणी पटापट कशी कन्व्हर्ट करता?

परभणी-हिंगोलीकडं घरच्याच खोलीत रेकॉर्डिंग करणारे आता बरेच झालेत. भजनं, गोंधळ, लग्नाची गाणी. मिक्स झालं की मंडळी म्हणायलेत, "सीडी द्या, गाडीत ऐकून सांगतो." पेनड्राइव्ह आहेच, पण जुन्या जीपमधल्या आणि देवळातल्या प्लेअरला सीडीच लागते. आपलं काम 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला 48 हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने), 24 बिटमध्ये (एका नमुन्याची बारकाई). सीडीला पाहिजे 44.1 आणि 16 बिट. एकेक गाणं एक्स्पोर्ट करत बसलं की संध्याकाळ गेलीच. तुम्ही काय करता? सॉफ्टवेअर आणि सेटिंग लिहा, नुसतं "सोपं आहे" नको.

लातूर : फूबार 2000, गाणी वाजवायचं आणि कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर. सगळ्या वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइली एकदम निवडायच्या, राइट क्लिक, कन्व्हर्ट. आउटपुट 16 बिट वेव्ह, डिदर (बिट कमी करताना येणारी खरखर झाकायला मिसळलेला बारीक आवाज) चालू, प्रोसेसिंगमध्ये रिसॅम्पलर (सेकंदाचे सॅम्पल बदलणारा) 44100. हे सेटिंग सेव्ह केलं की पुढच्या वेळी फक्त निवडायचं. प्रोसेसरचे कोर असतील तशा फाइली सोबतच चालतात, चहा होईस्तोवर अल्बम तयार.

बीड : लोक व्हॉट्सॲपवरची एमपी3 आणून देतात आन् म्हणतात सीडी करा. तिची वेव्ह केली तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. मूळ वेव्ह मागा, बाकी बोलणं नंतर.

नांदेड : गाणी सुटी असतील तर लातूरवाल्या दादांचं बरोबर. कीर्तनाचं तसं नाही. महाराजांचं निरूपण सलग चालतं, पण ऐकणाऱ्याला हवा तो अभंग गाठता यावा म्हणून मधे ट्रॅक पाडावे लागतात. आमच्याकडं प्रत्येक ट्रॅकच्या सांध्यावर 'टक्' यायचं, तेही ऐन पखवाजाच्या उठावणीत! कारण असं : सीडीवर एका सेकंदाचे 75 तुकडे, एका तुकड्यात 588 सॅम्पल. फाइल त्या हिशोबात बसली नाही की शेवटच्या तुकड्यात उरलेली जागा शांततेनं भरली जाते. आधी तोडून मग कन्व्हर्ट केलं की प्रत्येक सांध्याला हे होतं. म्हणून आता आख्खं कीर्तन एकाच फाइलीत कन्व्हर्ट करायचं आणि मग रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या खुणा टाकून सीडी इमेज (आख्ख्या सीडीची नक्कल) काढायची. बर्न करताना डिस्क-ॲट-वन्स (आख्खी सीडी एका दमात); ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक वेगळा) ठेवलं तर मधे दोन सेकंदांची गॅप पडते. कीर्तन 80 मिनिटांच्या वर गेलं तर दोन सीड्या, आणि पहिली अभंग संपतो तिथंच तोडायची. निम्म्या चरणावर तोडली तर महाराज रागावतात, आणि रास्तच आहे ते.

संभाजीनगर : वेग ठीक, पण क्रम पाळा. आधी रिसॅम्पल, शेवटी 16 बिट, आणि डिदर त्याच शेवटच्या पायरीला, एकदाच. रिसॅम्पल झाल्यावर पीक (आवाजाची सगळ्यात उंच टोकं) थोडे वर सरकतात. मास्टर (तयार मिक्स) शून्य डीबीला, म्हणजे कमाल पातळीला, चिकटवलेला असेल तर हलगीच्या ठोक्याला क्लिप होतंय, म्हणजे आवाज फाटतोय. मी 1 डीबी जागा सोडतो. आवाज कमी वाटतोय अशी तक्रार येते, तेव्हा मी गाडीतलं बटण दाखवतो.

धाराशिव : एवढा खटाटोप कशाला? सेशनच 44.1 ला उघडा. बिट सोडून बदलायचं काही उरतच नाही.

संभाजीनगर : भाऊ, निम्म्या गाण्यांचा व्हिडिओ होतो, तिथं 48 लागतं. निव्वळ सीडीचं काम असेल तर तुमचंच खरं.

अंबाजोगाई : आमची खरी डेडलाइन म्हणजे लाइट. बर्न करता करता लाइट गेली की सीडी-आर बाद, पुन्हा लिहिता येत नाही. कन्व्हर्ट कशावरही करा, बर्न मात्र लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली ठेवून. आणि डिस्क फायनलाइझ (लिहून झाल्यावर बंद) करा, नाहीतर गाडीतला प्लेअर ती ओळखतच नाही.

जालना : नांदेडवाले दादा, रीपरची ती इमेज इमबर्न या सीडी बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का, का वेगळं काही लागतं?

नांदेड : उघडते. क्यू (ट्रॅकच्या खुणांची फाइल) आणि बिन (आवाजाची फाइल) दोन्ही एकाच फोल्डरात ठेवा आणि क्यू निवडा.