जुन्या साप्ताहिकातल्या जाहिराती: औषधांच्याच एवढ्या का?

आजोबांच्या ट्रंकेत रत्नागिरीकडचे १९३० च्या आसपासचे साप्ताहिकाचे अंक सापडलेत, बातम्या कमी आणि शेवटचं पान सगळं गोळ्या, मलम, टॉनिक, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या तर प्रत्येक अंकात. एवढ्या का असतील? आणि त्यांचीच चित्रं एवढी सुबक कशी?

मंदार: चित्राचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा तयार ठसा, कंपनीच पाठवायची, छापखान्याने नुसता बसवायचा. गावातल्या कापडवाल्याची, भांडीवाल्याची जाहिरात मात्र तिथेच खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून, म्हणून ती साधी दिसते. माल व्ही. पी.ने यायचा, पोस्टमनला पैसे देऊन बाटली घ्यायची, त्यामुळे खेड्यातलं गिऱ्हाईकही मिळायचं.

शुभदा: माझ्या आजीकडे अमृतांजनची काचेची बाटली होती, झाकण गंजलेलं पण आत अजून वास! ते १८९३ पासूनचं आहे, मुंबईत सुरू झालेलं.

मंदार: "सर्व रोगांवर एकच उपाय" वाल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने चाप लावला, मधुमेह, कॅन्सर बरा करतो असं छापता येत नाही. त्याआधी किती आजारी माणसांनी त्यावर भरवसा ठेवून पैसे घालवले असतील, वाईट वाटतं खरंच.

शुभदा: अंक घडीवर फाटायच्या आत स्कॅन करा हो, गावातल्या दुकानांची नावं दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.