पाच महिन्यांचं मिक्स पिल्लू आत्ताच १७ किलो! अजून किती वाढेल?

रेवा_क

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

जतजवळ माझ्या चुलत सासऱ्यांचा मळा आहे. तिथल्या कारवानी (आपली देशी शिकारी जात) कुत्रीचं एक पिल्लू आम्ही पुण्याला आणलं. नाव ढोल्या. आई अगदी अस्सल कारवानी वळणाची, लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, वजन २४ किलोच्या आसपास. बाप म्हणे शेजारच्या वस्तीवरचा अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड. ढोल्या रंगाने काळा-तांबूस आहे, एक कान ताठ, दुसरा कधी उभा तर कधी पडलेला, आणि पंजे बशीएवढे.

आता तो पाच महिन्यांचा झालाय. त्याला कडेवर घेऊन मी वजनकाट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं, तर १७ किलो भरला. खांद्यापाशी उंची ५० सेंमी. नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घातले तर मोठेपणी ४० किलो होईल असं उत्तर आलं!

आम्ही भाड्याने राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरमालकांनी 'मध्यम आकाराचं कुत्रं असेल तर हरकत नाही' म्हणून परवानगी दिली होती. हल्ली जिन्यात भेटले की आधी ढोल्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

तर तो साधारण किती मोठा होईल आणि वाढ कधी थांबेल? सध्या अर्धं तयार पपी फूड आणि अर्धं घरचं (भाकरी-दूध, उकडलेलं चिकन, भात) देतेय. वरून कॅल्शियमचं सिरप द्यावं असं दोघातिघांनी सांगितलंय, ते द्यायचं का? शिवाय त्याचे पुढचे पंजे किंचित बाहेर वळल्यासारखे दिसतात. नसबंदी सहाव्या महिन्यात करावी असंही ऐकलंय. जमेल तेवढ्याचं उत्तर द्या, सगळ्याचंच द्या असा आग्रह नाही.

भटक्या७७

पंजे बशीएवढे म्हणताय म्हणजे ५० किलो पक्का. आमच्या शेजाऱ्यांचा असाच होता. कॅल्शियम बिनधास्त चालू करा, रोज दोन अंडी द्या, हाडं दणकट होतील.

माणदेशी

ताई, आमच्या भागातलंच पोरगं हाय म्हणून लिहितो. अंगावर आखूड केस असतील तर कारवानी, कानाशेपटीला लांब झुपके असतील तर त्याला पश्मी म्हणतात. तिकडं मुधोळला गेलात की हेच कुत्रं मुधोळ हाउंड होतं. उंचीला शेफर्डच्या वर जाईल, पण वजनाला हलकं. ससा धरायचं कुत्रं ते, अंगावर चरबी ठेवून कसं पळणार?

दुसरं म्हणजे बाप अल्सेशियनच हे कुणी बघितलंय का? वस्तीवरची कुत्री माजावर आली की चार कुत्री मागं असतात आणि एकाच वेतातल्या पिल्लांना दोन वेगळे बाप असू शकतात. मळ्यावर फोन लावून बाकीची भावंडं कशी दिसतात ते विचारा.

डॉ_शाल्मली

मी पशुवैद्य आहे. पिल्लू डोळ्यांनी न बघता निदान करणार नाही, पण बऱ्याच गोष्टी सर्वसाधारण आहेत त्या सांगते.

ते कॅल्क्युलेटर आजचं वजन भागिले वयाचे आठवडे गुणिले ५२ करतं. १७ भागिले २२, गुणिले ५२, झाले ४०. म्हणजे पिल्लू वर्षभर एकाच वेगाने वाढतं असं गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात पहिल्या पाच-सहा महिन्यांत वजन भराभर चढतं आणि मग वेग उतरत जातो. मोठ्या चणीची कुत्री पाचव्या महिन्याच्या सुमारास मोठेपणीच्या वजनाच्या साधारण निम्म्यावर असतात. त्या हिशोबाने ढोल्या ३०–३५ किलोत बसेल. जर्मन शेफर्ड नर ३० ते ४० किलो आणि ६० ते ६५ सेंमी असतो, आई २४ किलोची, तेव्हा अंदाज जुळतो. आईची चण उतरली तर उंची ६५च्या पुढे गेली तरी नवल नाही, तेव्हा वजन मात्र ३०च्या आतबाहेर राहील. मिक्समध्ये यापेक्षा नेमकं कुणी सांगत असेल तर त्यांच्याकडून लॉटरीचे नंबरही घ्या.

पंज्यांवरून ठरवू नका. या वयात पाय आणि पंजे धडाच्या पुढे धावतात. उंची वर्षाच्या आसपास बहुतेक पूर्ण होते, छाती-खांदे भरायला दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. कानाचं म्हणाल तर दात बदलत असताना उभा राहिलेला कान पुन्हा पडतो. सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात आले की चित्र स्पष्ट होईल.

आता कॅल्शियम. भटक्या७७, राग मानू नका, पण हा सल्ला मोठ्या जातीच्या पिल्लांना बाधतो. लहान वयात पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, ते शरीरात जातं आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. तयार पपी फूडमध्ये ते मोजून घातलेलं असतं. पाकिटावर 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं बघून घ्या. मात्र घरचं चिकन-भात हेच मुख्य जेवण असेल तर उलट कॅल्शियम कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. तुमचं अर्धं-अर्धं चाललंय म्हणून सिरपही अंदाजाने नको आणि भाकरी-दुधावर पोट भरणंही नको. एक बाजू धरा. सगळ्यात सोपं म्हणजे लार्ज ब्रीड पपी फूड मुख्य ठेवायचं आणि घरचं तोंडाला चव म्हणून, दहातला एक घास.

आणि गुबगुबीत करू नका. छातीच्या कडेवरून हात सपाट फिरवला की फासळ्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत, वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर जन्मभर अभ्यासले, त्यातल्या निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. त्यांचे सांधे उशिरा झिजले आणि ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली.

नसबंदीची घाई नको. २० किलोच्या वर जाणाऱ्या मिश्र कुत्र्यांत लवकर नसबंदी केली तर सांध्यांचे विकार वाढलेले दिसतात, २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या संशोधकांनी ते मांडलंय. वर्ष उलटल्यावर तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पंजे वळण्याबद्दल: घरात गुळगुळीत टाइल्स आहेत का? पिल्लू उभं राहताना पाय फाकतात का?

रेवा_क

डॉक्टर, खूप आभार! हो, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स. जेवायच्या भांड्यापाशी उभा असतो तेव्हा पुढचे पाय हळूहळू घसरत लांब जातात, मग तो पुन्हा गोळा करून उभा राहतो. मनगटाजवळचा भाग जरा खाली बसल्यासारखा वाटतो. लंगडत नाही. फासळ्या लागल्या, पण जरा शोधाव्या लागल्या. :(

डॉ_शाल्मली

मग भाकरी-दूध आजपासून बंद. त्याच्या वावराच्या जागी रबरी मॅट टाका, रोज मातीवर किंवा गवतावर मोकळं फिरू द्या. पिल्लांत मनगट ढिलं असणं बऱ्याचदा खाणं आणि जमीन सुधारली की काही आठवड्यांत सावरतं. सुधारणा दिसली नाही, एकाच पायात वाढत गेलं किंवा लंगडायला लागला तर एक्स-रे काढायचाच. शेफर्डच्या रक्तात पॅनोस्टायटिस (वाढत्या वयात पायाची हाडं दुखण्याचा आजार) असतो, आज एक पाय दुखतो तर पुढच्या आठवड्यात दुसराच.

जिना हळू, पट्ट्याने धरून, उतरताना उड्या मारू द्यायच्या नाहीत. नॉर्वेतल्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला होता. ढोल्या ते वय ओलांडून आलाय, त्यामुळे धसका घेऊ नका.

सदाशिव_पेठी

घरमालकाचं बघा. प्राणी कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालू देत नाहीत, पण भाडेकरार हा तुमचा आणि मालकाचा मामला. 'मध्यम' म्हणजे किती किलो हे तोंडी ठेवू नका. आत्ताच ३५ किलोपर्यंत जाईल असं सांगून करारात एक ओळ वाढवून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी कुत्रं दाराएवढं दिसलं की वाद हमखास.

आणि फोटो टाका की राव, एवढं वर्णन करून फोटो नाही?

रेवा_क

मळ्यावर फोन झाला. चार भावंडांतली दोन आईसारखी शिडशिडीत आणि फिकट, एक ढोल्याची कार्बन कॉपी, चौथं आखूड पायांचं, त्याचा बाप नक्की दुसराच कुणी. माणदेशी, तुमचं खरं निघालं!

मालकांशी बोलले. ३५ म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प बसले, मग 'भुंकत नाही ना फार?' एवढंच विचारलं. करारात ओळ घालायला तयार आहेत. मॅट उद्या येतायत. वजन आता दर पंधरवड्याला करून इथेच लिहीन, फोटो रात्री टाकते.