निर्वासित मुलांची शाळा: छावणीत वेगळी, की सरकारी शाळेच्या पटावर?

म्हादईकाठ
बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांतली शिकवणी केंद्रं जून २०२५ मध्ये युनिसेफला थांबवावी लागली. निधी आटला आणि हजाराहून जास्त स्थानिक शिक्षकांचे करार संपवले गेले. इथल्याच एका धाग्यावर हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांनी देणाऱ्या देशांना शिव्या घातल्या. घाला, हरकत नाही. पण मला वाटतं दुखणं त्याच्या आधीचं आहे.

ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर माणसं सीमा ओलांडून आली. बांगलादेश सरकारने पहिल्या दिवसापासून ठरवलं की ही मुलं आपल्या शाळांत घ्यायची नाहीत, त्यांना बांगला शिकवायचं नाही आणि पक्की इमारत तर नाहीच नाही. मग संस्थांनी बांबू-ताडपत्रीची केंद्रं उभारली, दोन-दोन तासांच्या तीन पाळ्या लावल्या. कुठल्या ब्लॉकमध्ये कोणाचं केंद्र, कुठल्या पाळीत किती मुलं, सगळं तक्त्यात. एवढा समन्वय करून मुलाच्या हातात काय पडलं? कुठलंही बोर्ड मानेल असा एक कागदही नाही. म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायला २०२१ चा शेवट उजाडला, आणि त्यालाही म्यानमारची मान्यता नाही. काही मुलं गुपचूप गावच्या शाळेत जात होती, त्यांना २०१९ मध्ये हुडकून काढून घरी बसवलं.

उलट युगांडा बघा. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने निर्वासित आणि स्थानिक, दोघांच्या मुलांचा मिळून एकच शिक्षण आराखडा केला. दक्षिण सुदानहून आलेलं पोर युगांडाच्या शाळेत बसतं आणि तिथलीच सातवीची परीक्षा देतं. पैशाची ओढाताण तिथेही आहे. पण संस्थेने हात वर केले म्हणून सरकारी शाळा एका रात्रीत उठत नाही.

तेव्हा पहिल्या सत्रापासून यजमान देशाच्या हजेरीपटावर नाव, याला मी समन्वय म्हणते. बाकीच्या बैठकांत चहा-बिस्किटं चांगली असतील.

फोंड्याची पोर
चहा काळा असतो ताई, बिस्किटं आपली आपण न्यायची. मी अशा बैठकांत बसले आहे (देश सांगत नाही), म्हणून लिहिते.

पट पट म्हणताय, पण पहिल्या तीन महिन्यांत पट असतो कुठे? ज्या शाळेचा पट तुम्हाला हवाय त्याच शाळेच्या वर्गांत माणसं झोपलेली असतात. आपल्याकडे पूर आला की पहिली शाळाच ताब्यात घेतात, तसंच. बाकं एका कोपऱ्यात रचलेली, फळ्यावर धान्यवाटपाची यादी. शिक्षक स्वतःच परागंदा झालेला. अशा वेळी मंत्रालयाला पत्र लिहून थांबायचं का?

आणि समन्वय नसला की काय होतं ते सांगते. दोन संस्था एकाच छावणीत येतात. दोघींनाही निर्वासितांमधलेच शिकलेले चार जण शिक्षक म्हणून हवे असतात. एक संस्था महिन्याला जे मानधन देते त्याच्या दीडपट दुसरी देते. पंधरा दिवसांत पहिल्या संस्थेचे वर्ग ओस. मुलं तिथेच बसलेली, मास्तर पलीकडच्या तंबूत. हे मिटवायचं तर सगळ्यांनी एका टेबलाशी बसून एकच दर ठरवावा लागतो. तुम्हाला ती बैठक वाटते, मला तो वर्ग चालू राहण्याचा मार्ग वाटतो.

देशातल्या देशात विस्थापन झालं तर हे टेबल युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन मिळून चालवतात, त्याला एज्युकेशन क्लस्टर म्हणतात. माणसं सीमा ओलांडून आली की सूत्रं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, यजमान सरकारबरोबर. एकाच जिल्ह्यात दोन्ही तऱ्हेची माणसं असली तर दोन टेबलं, दोन तक्ते, आणि मधल्या वस्तीतली मुलं कुणाच्याच यादीत नाहीत. टीका करायची तर इथे करा, मी सोबत येते.

शिवाय दोन तासांत शिक्षण किती होतं हे बाजूला ठेवा. त्या दोन तासांत मूल कुठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असतं. छावणीत मुली पळवणारे दलाल फिरत असतात, तिथे याची किंमत मोठी आहे.

काणकोणकर
आपल्या गावातल्या सरकारी प्राथमिक शाळा एकेक करून बंद होतायत. आधी त्या वाचवा, मग रोहिंग्यांचं बघू.

म्हादईकाठ
@काणकोणकर, कशामुळे बंद होतायत हो? पटसंख्या नाही म्हणून ना? मग मुलं आली तर तुमची शाळा वाचेल की.

काणकोणकर
शब्दात पकडू नका. सासरचे पाहुणे नव्हेत, येऊन राहिले आणि गेले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. कायद्याने आपण बांधील नाही. बांधील नसताना गळ्यात घ्यायचं, आणि खर्च कोण करणार?

निवृत्त मास्तर
काणकोणकर, सही नाही हे बरोबर. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा ‘प्रत्येक बालक’ म्हणतो, ‘प्रत्येक भारतीय बालक’ म्हणत नाही. सहा ते चौदा वयाचं मूल वयाला साजेशा वर्गात घ्यायचं, दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवायचं नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही. हे माझं मत नव्हे, कलम ४, ५ आणि १४. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, सीमेपलीकडच्या चिन प्रांतातले लोक मिझोराममध्ये आले. ऑगस्टमध्ये तिथल्या शिक्षण खात्याने याच कायद्याचा हवाला देऊन शाळांना प्रवेश द्यायला सांगितलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की रोहिंग्या मुलांनी आधी सरकारी शाळेत अर्ज करावा, नाकारलं तर उच्च न्यायालयात जावं.

आता म्हादईकाठ बाईंना. तुमच्या बाजूने कायदा सांगितला म्हणून मी तुमच्या बाजूचा आहे असं समजू नका. पटावर नाव घालणं पाच मिनिटांचं काम आहे. वर्ग बसवणं हे काम. माझी शेवटची शाळा डिचोली तालुक्यातली, चार इयत्ता आणि दोन शिक्षक. निम्मी मुलं घरी कन्नड, लमाणी, उडिया बोलणारी. त्यांतली एक पहिलीतली पोर दिवाळीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नव्हती, पण पाटीवरचं अक्षर मोत्यासारखं. पाहुण्या अधिकाऱ्याने विचारलं, ही मुकी आहे का? ती मुकी नव्हती. तिला समजेल असं बोलायला शाळेत कोणी नव्हतं, एवढंच. आम्ही शेवटी तिच्याच वाड्यावरच्या चौथीतल्या मुलीला शेजारी बसवलं. हा आमचा समन्वय.

आणि ऑनलाइन नोंदणी? गदगच्या शाळेने यूडायसवर (शाळांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर) मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय आम्हाला इकडे ओढून घेता येत नाही. त्यासाठी फोनवर फोन. भारतातल्या भारतात ही तऱ्हा. ज्याच्याकडे आधार नाही, आधीच्या शाळेचा नंबर नाही, त्याचं काय होतं ते पोर्टल भरणाऱ्या शिक्षकाला विचारा, कायदा लिहिणाऱ्याला नको.

सासष्टीकार
१९९० चं कोणाला आठवत नाही का? ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानाने आले. त्यांत गोंयकार किती होते! सासष्टीत घराघरात कुवेतची माणसं. मी तेव्हा सातवीत. आमच्या वर्गात दसऱ्यापर्यंत कुवेतहून आलेली सहा-सात मुलं बसली होती. दाखला कोणाकडेच नाही, वह्यासुद्धा नाहीत. हेडमिस्त्रेसनी ‘दाखला मागाहून’ असा शेरा मारून घेतलं. त्यांची पुस्तकं वेगळी, गणितात ती आमच्या पुढे, मराठी-कोकणीत मागे. वर्षअखेरीला सगळी पास. कसली संयुक्त राष्ट्रं नि कसला क्लस्टर.

फोंड्याची पोर
@सासष्टीकार, ती मुलं आपलीच होती, पासपोर्ट भारतीय, राहायला आजीचं घर. छावणी लागलीच नाही. मिझोरामचंही तेच: चिन आणि मिझो रक्ताचे, भाषेला जवळचे. जिथे नातं आहे तिथे पट आपोआप उघडतो. जिथे नाही तिथलं बोला.

पंचगंगेपलीकडून
कोल्हापूरची आहे, लग्नानंतर म्हापशात. आमच्या वळिवड्याचं नाव कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. रशियाने हद्दपार केलेले, इराणमार्गे आलेले. त्यांच्या शाळा त्यांच्याच होत्या: पोलिश भाषा, पोलिश शिक्षक, पोलिश अभ्यासक्रम. बालवर्गापासून वरच्या परीक्षेपर्यंत. कोणीही त्यांना राजाराम हायस्कूलच्या पटावर घाला म्हटलं नाही, आणि त्याने त्यांचं काही बिघडलं नाही. उलट त्या मुलांना आपण कोण हे लक्षात राहिलं. २०१९ मध्ये म्हातारपणी ती माणसं कोल्हापूरला येऊन गेली, शाळेच्या आठवणी सांगत होती.

म्हणून म्हादईकाठ, वेगळी शाळा म्हणजे चूक, हे मला पटत नाही. ज्याचं घर, गाव, देश गेला त्याची भाषाही पहिल्या सत्रातच काढून घ्यायची?

म्हादईकाठ
वळिवड्याचं उदाहरण आणलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या शाळांच्या मागे युद्धामुळे लंडनला आसऱ्याला गेलेलं पोलिश सरकार उभं होतं, मुंबईत त्यांची वकिलात होती. मुलाच्या कागदावर शिक्का मारणारं कोणीतरी होतं. रोहिंग्यांच्या मागे कोण आहे? ज्या देशाचा अभ्यासक्रम शिकवताय तो देश त्यांना नागरिकच मानत नाही.

आणि पुढचंही सांगा. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने त्या लंडनच्या सरकारची मान्यता काढली. ज्या पोलंडसाठी ती मुलं शिकत होती तिथे बहुतेक जण परतलेच नाहीत. कोणी ब्रिटनला, कोणी आणखी कुठे. परतायचंच आहे असं धरून शाळा आखली, आणि परतणं झालं नाही. जगभर हेच होतं, निर्वासितपण वर्षानुवर्षं चालतं. पहिलीतलं मूल छावणीतच मिसरूड फुटेपर्यंत राहतं.

पंचगंगेपलीकडून
ब्रिटनला गेली ती तिथे पुढे शिकलीच ना? पाया होता म्हणून शिकली. शिक्क्याने नव्हे.

काणकोणकर
माध्यमाचा वाद आता इथेही. १९९० साली गोव्यात अनुदान फक्त कोकणी-मराठी शाळांना म्हणून ठरवलं, २०११ मध्ये इंग्रजीला दिलं, तेव्हापासून आपण भांडतोय. आपल्याच पोरांचं माध्यम आपल्याला ठरवता येईना, चाललो रोहिंग्यांचं ठरवायला.

निवृत्त मास्तर
हे मात्र लाखातलं बोललात.

पण खर्चाचं विचारलं होतंत, ते राहून गेलं. युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिकांसाठी वापरायचा असं धोरण आहे. म्हणजे नवी वर्गखोली बांधली तर गावची मुलंही तीत बसतात. गावकऱ्यांचा विरोध बोथट होतो. अर्थात तिथे एका वर्गात शंभराच्या वर मुलं असणं ही नेहमीची गोष्ट, हे म्हादईकाठ बाईंनी वर लिहिलं नाही. शंभर मुलांपुढे उभं राहून पाहा एकदा.

सासष्टीकार
एवढ्या लांब कशाला? कर्नाटकातली मुंडगोडची तिबेटी वसाहत. आपल्या हद्दीपासून गाडीने काही तासांवर. हिवाळ्यात स्वेटर विकायला येतात ते तिबेटी तिथलेही असतात. तिबेटी मुलांसाठी केंद्र सरकारने १९६१ मध्ये वेगळी शाळा-यंत्रणाच काढली. खालच्या वर्गांत तिबेटी भाषा आली, वर परीक्षा केंद्रीय बोर्डाची. भाषा त्यांची, शिक्का आपला. म्हादईकाठला पट मिळाला, पंचगंगावाल्या ताईंना भाषा मिळाली. भांडण कशाला?

म्हादईकाठ
हे मला चालेल. शिक्का यजमानाचा असेल तर शाळा कुठल्या भाषेत नि कुठल्या इमारतीत भरते यावर मी अडून बसणार नाही.

फोंड्याची पोर
इतक्यात हात मिळवू नका. तिबेटी १९५९ मध्ये आले, शाळांची यंत्रणा १९६१ मध्ये झाली. नेहरूंनी स्वतः लक्ष घातलं, म्हणून एवढ्या लवकर. मधल्या काळात आईबाप हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर, आणि मुलं तिथेच दगड-धुळीत, आजारी. त्यासाठीच १९६० मध्ये धरमशालेला बालगृह काढावं लागलं. म्हणजे तंबूच, नाव वेगळं. तुर्कस्ताननेही सिरियन मुलांसाठी आधी अरबी केंद्रं चालू दिली आणि २०१६ पासून टप्प्याटप्प्याने मुलं तुर्की शाळांत नेली. आधी तंबू, मग पट. हाच क्रम मी सुरुवातीपासून सांगतेय.

म्हादईकाठ
मग तंबूवर तारीख लिहा. दोन वर्षं. त्यानंतर पट. कॉक्स बाजारला आठ वर्षांवर झाली आणि तंबू तंबूच राहिला, कारण तो चालवणाऱ्यांनी सरकारकडे तारीख कधी मागितलीच नाही.

फोंड्याची पोर
मागितली नाही हे कोणी सांगितलं? म्यानमारच्या अभ्यासक्रमाची परवानगी मिळवण्यातच वर्षं गेली. आणि तारीख टाकायचा अधिकार कोणाकडे आहे? डिसेंबर २०२१ मध्ये रोहिंग्यांनी स्वतः चालवलेल्या शाळा सरकारने बंद करायला लावल्या, पट न देता. तुमची दोन वर्षं संपतील त्या दिवशी तंबूही जाईल आणि पटही मिळणार नाही. तेव्हा त्या मुलांना मी कुठे बसवू ते सांगा.